डॅझ स्टुडिओची लायब्ररी नवीन मशीनवर नेली, फायली सगळ्या आहेत तरी कंटेंट दिसत नाही किंवा अर्धवट लोड होतं – कुठे बघायचं?

नवीन कॉम्प्युटर घेतला, जुन्यावरचा अख्खा लायब्ररी फोल्डर कॉपी केला, डॅझ स्टुडिओ (तयार थ्रीडी माणसं, कपडे, वस्तू घेऊन सीन बनवायचा प्रोग्रॅम) टाकला, उघडला आणि स्मार्ट कंटेंट टॅब (सामान प्रॉडक्ट आणि कॅटेगरीप्रमाणे लावून दाखवणारा) कोरा. किंवा कंटेंट दिसतंय, थंबनेलही आहेत, पण डबल क्लिक केलं की फाइल सापडत नाही म्हणून लांबलचक यादी येते. किंवा फिगर (थ्रीडी माणूस) येते पण अंगावर टेक्स्चरच (त्वचा-कपड्यांची चित्रं) नाही, नुसती राखाडी. हा प्रॉब्लेम इतक्या जणांना येतो आणि दर वेळी सल्ला एकच मिळतो, सगळं पुन्हा डाउनलोड करा. कृपा करून लगेच तसं करू नका. एक तर शेकडो जीबी पुन्हा उतरवायचे, आणि दुसरं म्हणजे हाताने टाकलेले फ्रीबी (फुकट मिळणारं सामान), इतर ठिकाणहून घेतलेलं सामान, तुम्ही स्वतः सेव्ह केलेल्या पोझ, मटेरियल, मॉर्फ (चेहरा-शरीराचा आकार बदलणाऱ्या फायली) हे काही त्या डाउनलोडमधून परत येणार नाही. फायली डिस्कवर असतील तर नव्वद टक्के काम झालेलंच आहे, फक्त प्रोग्रॅमला त्या कुठे आहेत ते नीट सांगायचं राहिलंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपण ज्याला लायब्ररी म्हणतो त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तीन वेगळ्या जागी राहतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष फायली, ज्या विंडोजवर बहुतेक करून पब्लिक डॉक्युमेंट्समधल्या माय डॅझ थ्रीडी लायब्ररी या फोल्डरमध्ये असतात आणि तुम्ही स्वतः सेव्ह केलेलं बरंच काही तुमच्या डॉक्युमेंट्समधल्या डॅझ थ्रीडी, स्टुडिओ, माय लायब्ररी इथे असतं (हा दुसरा फोल्डर न्यायचा विसरणारे खूप जण आहेत, आधी तो आलाय का बघा). दुसरी म्हणजे मॅपिंग, म्हणजे प्रोग्रॅमने कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं त्याची यादी, ही सेटिंगमध्ये असते, फायलींबरोबर येत नाही. तिसरी म्हणजे डेटाबेस, ज्यात कुठली वस्तू कुठल्या प्रॉडक्टची, कुठल्या फिगरला चालते, कुठल्या कॅटेगरीत बसते हे सगळं लिहिलेलं असतं. तो पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतो आणि तुमच्या युजर फोल्डरातल्या लपवलेल्या अ‍ॅपडेटामध्ये असतो, त्यामुळे लायब्ररी कॉपी करताना तो मागेच राहतो. थोडक्यात पुस्तकं कपाटात आली पण रजिस्टर जुन्या घरीच राहिलं.

आता लक्षणावरून ओळखा. कंटेंट लायब्ररी टॅबमध्ये डॅझ स्टुडिओ फॉरमॅट्सच्या खाली तुमचे फोल्डर दिसतायत, पीपल उघडलं तर जेनेसिस ८ (डॅझची मूळ फिगर) वगैरे सगळं आहे, तिथून लोडही नीट होतंय, पण स्मार्ट कंटेंट तेवढं रिकामं, तर फक्त डेटाबेस भरायचा राहिलाय, घाबरायचं कारणच नाही. कंटेंट लायब्ररीतच काही दिसत नसेल तर मॅपिंग नाही. थंबनेल दिसतायत पण लोड करताना फायली सापडत नाहीत असा मेसेज येतो, तर मॅपिंग चुकीच्या पायरीवर आहे किंवा कॉपी अर्धवट झालीय. आणि प्रोग्रॅम उघडतानाच पोस्टग्रेसचं कनेक्शन होत नाही असा मेसेज आला तर डेटाबेसची सर्व्हिसच सुरू झालेली नाही, त्याचं पुढे सांगतो.

मॅपिंगचं जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

एखादी डफ फाइल (डॅझची कंटेंट आणि सीनची फाइल) घ्या, त्याची आधी वेगळी कॉपी करा, आणि ती सेव्हन-झिपने उघडून आतली फाइल नोटपॅडमध्ये बघा (डफ फायली बहुतेक वेळा जी-झिपने दाबलेल्या असतात, दाबलेली नसेल तर थेट नोटपॅडमध्येच उघडेल). आत साधा जेसन टेक्स्ट आहे. त्यात टेक्स्चरचा पत्ता शोधा, तो रनटाइमपासून सुरू होतो, मग टेक्स्चर्स, मग आर्टिस्टचं नाव, मग प्रॉडक्टचं नाव, मग जेपीजी. भूमितीचा पत्ता डेटापासून सुरू होतो. स्पेसच्या जागी टक्के वीस असं दिसेल, ते बरोबर आहे, बिघडलेलं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे कुठेही सी किंवा डी ड्राइव्हचं नाव नाही. म्हणजे लायब्ररी कुठल्या ड्राइव्हवर आहे याच्याशी फाइलला घेणंदेणं नाही, ती फक्त म्हणते की जो फोल्डर मॅप केलाय त्याच्या आत रनटाइम असेल, त्याच्या आत बघ. प्रोग्रॅम मॅप केलेला प्रत्येक फोल्डर घेतो, त्याच्यापुढे हा पत्ता जोडतो आणि तिथे फाइल आहे का बघतो.

म्हणून नियम एकच, जो फोल्डर उघडल्यावर डेटा आणि रनटाइम हे दोन फोल्डर समोरच दिसतात तोच फोल्डर मॅप करायचा. त्याच्या वरचा नाही, त्याच्या आतला नाही. कॉपी करताना होतं काय की माय लायब्ररी फोल्डर आधी बनवलेला असतो आणि त्यात परत माय लायब्ररी येऊन पडतो, मग लोक बाहेरचा मॅप करतात. तेव्हा कंटेंट लायब्ररीत एक पायरी जास्त उघडली की सगळं दिसतं, थंबनेलही दिसतात, कारण ते नुसतं फोल्डर चाळणं आहे, पण डबल क्लिक केल्यावर प्रोग्रॅम बाहेरच्या फोल्डरात डेटा शोधतो आणि तिथे तो नाहीच. हे लक्षण इतकं फसवं आहे की लोकांना फायलीच करप्ट झाल्या असं वाटतं आणि ते पुन्हा सगळी कॉपी करत बसतात. तसंच मुख्य फोल्डर सोडून पीपल किंवा प्रॉप्स असा आतला फोल्डरच सोयीसाठी मॅप केला तरी हेच होतं.

मॅप करायचं कसं, तर एफ२ दाबून प्रेफरन्सेस उघडा, कंटेंट टॅब, तिथे कंटेंट डिरेक्टरी मॅनेजर. कंटेंट लायब्ररी टॅबवर राइट क्लिक करूनही तिथे जाता येतं. आत डॅझ स्टुडिओ फॉरमॅट्स, पोझर फॉरमॅट्स आणि बाकीचे इम्पोर्ट फॉरमॅट्स असे गट आहेत. पहिल्या गटात फोल्डर अ‍ॅड करा, आणि पोझर नावाच्या दुसऱ्या थ्रीडी प्रोग्रॅमसाठी बनवलेलं जुनं सामान असेल तर तोच फोल्डर दुसऱ्या गटातही अ‍ॅड करा, कारण पोझरच्या जुन्या फायली प्रोग्रॅम तिथल्याच यादीतून शोधतो आणि पहिल्यात टाकलं म्हणून दुसऱ्यात आपोआप जात नाही. इन्स्टॉलने स्वतःहून टाकलेले रिकामे फोल्डर असतील आणि ते वापरायचे नसतील तर यादीतून काढा (यादीतून काढलं म्हणजे डिस्कवरून डिलीट होत नाही). दोन-तीन लायब्ररी असतील तर क्रमही बघा, एकाच पत्त्याची फाइल दोन ठिकाणी असली तर यादीत वर असलेली घेतली जाते. जुनी कॉपी आणि नवीन कॉपी दोन्ही मॅप करून ठेवू नका, मॉर्फ दोनदा वाचले जातात आणि फिगर लोड होताना डुप्लिकेट फॉर्म्युलाचे मेसेज लॉगमध्ये यायला लागतात.

आता स्मार्ट कंटेंट. मॅपिंग बरोबर झाल्याशिवाय याला हात लावू नका, कारण मेटाडेटा (वस्तू कुठल्या प्रॉडक्टची, कुठल्या कॅटेगरीतली ही माहिती) वाचताना प्रोग्रॅम मॅप केलेल्या फोल्डरांतच बघतो. प्रत्येक प्रॉडक्टची मेटाडेटा फाइल रनटाइमच्या आत सपोर्ट नावाच्या फोल्डरात असते, डीएसएक्स एक्स्टेन्शनची, आणि तिच्या शेजारी प्रॉडक्टच्या चित्राची जेपीजी. हा सपोर्ट फोल्डर आला असेल तर डेटाबेस पुन्हा उभा करता येतो. कंटेंट लायब्ररी टॅबवर राइट क्लिक, कंटेंट डीबी मेंटेनन्स, त्यात रिइम्पोर्ट मेटाडेटा. मग प्रॉडक्टची यादी येते, सगळं टिक करा आणि अ‍ॅक्सेप्ट. लायब्ररी मोठी असेल तर भरपूर वेळ लागतो, मध्येच अडकल्यासारखं वाटतं, तरी बंद करू नका, चालू द्या.

इथे एक गोष्ट अशी की जुना कॉम्प्युटर अजून सुरू असेल तर तिथे त्याच मेंटेनन्सच्या खिडकीत एक्सपोर्ट युजर डेटा आहे ते आधी करा. तुम्ही स्वतः बनवलेल्या कॅटेगऱ्या, वस्तू कुठे कुठे हलवून ठेवल्यात ते सगळं फक्त डेटाबेसमध्ये असतं, प्रॉडक्टच्या मेटाडेटात नसतं. एक्सपोर्ट केलं की त्याची फाइल लायब्ररीतच तयार होते आणि बाकी फायलींबरोबर येते, म्हणून हे कॉपी करायच्या आधी करायचं, नंतर नाही. नवीन मशीनवर रिइम्पोर्ट करताना यादीत युजर डेटाची ओळ दिसेल तीही टिक करा. ज्यांनी वर्षानुवर्षं आपल्या पद्धतीने कॅटेगऱ्या लावल्यात त्यांच्यासाठी ही एक पायरी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे.

रिसेट डेटाबेस हा पर्यायही तिथेच आहे, तो पहिला उपाय म्हणून वापरू नका, त्याने आहे ते सगळं पुसलं जातं. आणि अ‍ॅपडेटातला डेटाबेसचा फोल्डर जसाच्या तसा उचलून नवीन मशीनवर टाकायचा उद्योगही मी सुचवणार नाही, पोस्टग्रेसचा डेटा फोल्डर त्याच मुख्य व्हर्जनला चालतो आणि प्रोग्रॅम चालू असताना कॉपी झाला असेल तर तो अर्धवट असतो. रिइम्पोर्टला वेळ लागतो पण तो भरवशाचा मार्ग आहे.

हे करूनही काही वस्तू स्मार्ट कंटेंटमध्ये आल्या नाहीत तर त्यांच्यासोबत मेटाडेटाच नसेल. फ्रीबी आणि इतर ठिकाणचं बरंच सामान असं असतं. जुन्या मशीनवरही ते स्मार्ट कंटेंटमध्ये नव्हतं, आपण कंटेंट लायब्ररीतून फोल्डर उघडूनच वापरत होतो, फक्त आता सगळं तपासत असल्यामुळे लक्षात येतं. ते हरवलेलं नाही.

पोस्टग्रेसच्या कनेक्शनचा मेसेज येत असेल तर प्रोग्रॅम बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये पोस्टग्रेसच्या प्रोसेस पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मग परत उघडा. नवीन मशीनवर फायरवॉलने किंवा अँटीव्हायरसने अडवलेलं असणं हे नेहमीचं कारण आहे, हा डेटाबेस त्याच कॉम्प्युटरच्या आत नेटवर्क कनेक्शनसारखाच बोलतो, म्हणून फायरवॉलचा संबंध येतो. परवानगी द्या आणि पुन्हा बघा. ही सर्व्हिस चालू नसली तरी कंटेंट लायब्ररीतल्या फोल्डरांतून लोड करता येतं, त्यामुळे हातातलं काम अडणार नाही.

इन्स्टॉल मॅनेजर (डॅझचं सामान उतरवून इन्स्टॉल करणारा वेगळा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याची गोष्ट वेगळीच आहे. काय इन्स्टॉल आहे हे तो लायब्ररीत बघून ठरवत नाही, तो स्वतःच्या मॅनिफेस्ट फायली (काय कुठे इन्स्टॉल केलं त्याच्या नोंदी) बघतो, ज्या पब्लिक डॉक्युमेंट्समध्ये डॅझ थ्रीडीच्या आत इन्स्टॉल मॅनेजर फोल्डरात मॅनिफेस्ट फाइल्स नावाने असतात. त्या आणल्या नाहीत तर तुमच्या सगळ्या फायली जागेवर असूनही तो सगळं रेडी टू डाउनलोडमध्ये दाखवणार, आणि मग लोक भीतीने सगळं परत उतरवायला लावतात. तो मॅनिफेस्ट फोल्डर नवीन मशीनवर त्याच जागी ठेवा, लगेच सगळं इन्स्टॉल्डमध्ये येईल. पण लायब्ररीचा ड्राइव्ह बदलला असेल तर आणखी एक करावं लागतं. एक मॅनिफेस्ट नोटपॅडमध्ये उघडून बघा, त्यात इन्स्टॉलचा पूर्ण पत्ता लिहिलेला आहे, ड्राइव्हच्या अक्षरासकट. तो जुना राहिला तर पुढे कधी अनइन्स्टॉल केलं तर इन्स्टॉल मॅनेजर जुन्या पत्त्यावर शोधत बसणार. नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइंड इन फाइल्सने सगळ्या मॅनिफेस्टमध्ये जुना पत्ता काढून नवीन घालता येतो, आधी त्या फोल्डरची एक कॉपी बाजूला ठेवा आणि स्लॅश कुठल्या बाजूचे आहेत ते बघून तसेच लिहा.

हे टाळायचा सगळ्यात सोपा मार्ग, लायब्ररी जर वेगळ्या ड्राइव्हवर ठेवत असाल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून नवीन ड्राइव्हला जुन्याचंच अक्षर द्या आणि फोल्डरचं नावही तेच ठेवा. मग मॅनिफेस्टला हात लावायची गरजच पडत नाही. एक्स्टर्नल ड्राइव्ह असेल तर वर्णमालेतलं शेवटाकडचं अक्षर द्या, म्हणजे मध्ये पेनड्राइव्ह लावला तर अक्षर बदलत नाही. कालपर्यंत चालत होतं आणि आज अचानक सगळं कंटेंट गायब, असं विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं अक्षरच बदललेलं असतं.

डॅझ कनेक्टमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतूनच, जे इन्स्टॉल केलंय ते वेगळं राहतं, डेटाच्या आत क्लाउड नावाच्या फोल्डरात, आणि त्यातलं काही एन्क्रिप्टेड असतं, तुमच्या अकाउंटला जोडलेलं. नुसत्या कॉपीवर ते चालेल असं धरून बसू नका, नवीन मशीनवर लॉगिन करा आणि कनेक्टवालं सामान तिथूनच परत इन्स्टॉल करा. एकच प्रॉडक्ट कनेक्टमधून आणि इन्स्टॉल मॅनेजरमधून दोन्हीकडून नको, नंतर कुठली कॉपी लोड होतेय तेच कळत नाही.

आता कॉपी अर्धवट झालीय की नाही ते कसं तपासायचं. दोन्ही बाजूला फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडा आणि फायलींची संख्या आणि साइज ताडून बघा. साइज ऑन डिस्क बघू नका, ते ड्राइव्हप्रमाणे बदलतं. संख्या कमी भरली तर बहुतेक वेळा पत्ता लांब झाल्यामुळे फायली सुटलेल्या असतात. विंडोजमध्ये पत्त्याला साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे आणि डॅझमध्ये डेटा, कंपनीचं नाव, फिगर, मॉर्फ्स, आर्टिस्ट, प्रॉडक्ट असे फोल्डर एकात एक जात राहतात, त्यात तुम्ही लायब्ररी आधीच पाच फोल्डर आत ठेवली असेल तर सगळ्यात आतल्या फायली कॉपीच होत नाहीत. नेमके मॉर्फ तिथेच असतात, म्हणून फिगर येते पण चेहरा बेसिक. लायब्ररी ड्राइव्हच्या मुळाशी छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवा आणि कॉपीसाठी विंडोजमधली रोबोकॉपी कमांड वापरा, ती लांब पत्तेही नेते आणि मध्येच तुटली तर तीच कमांड परत दिल्यावर राहिलेलंच उचलते. फक्त मिररचा पर्याय वापरू नका, तो दुसऱ्या बाजूचं जास्तीचं सगळं पुसतो.

मॅकवाल्यांनी एक फार जपायचं. फाइंडरमध्ये एक डेटा फोल्डर दुसऱ्या डेटा फोल्डरवर टाकला आणि रिप्लेस निवडलं तर आधीचा फोल्डर पूर्ण जातो, विंडोजसारखं एकात एक मिसळत नाही. हाताने झिपमधून कंटेंट टाकणाऱ्यांची अख्खी लायब्ररी अशी जाते. ऑप्शनचं बटण दाबून ड्रॅग करा म्हणजे मर्जचा पर्याय मिळतो. विंडोजवरून मॅकवर जायचं असेल तर मधला ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये ठेवा, कारण एनटीएफएस मॅकवर वाचता येतो पण त्यावर लिहिता येत नाही.

विंडोजवर अजून एक, नवीन मशीन सेट करताना वनड्राइव्हचा बॅकअप सुरू होऊ दिला असेल तर तुमचा डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेला असू शकतो, म्हणजे माय लायब्ररीचा पत्ता बदललेला आणि वर काही फायली फक्त ऑनलाइन. लायब्ररी डॉक्युमेंट्समध्ये ठेवूच नका, बाहेर काढा आणि तिथून मॅप करा.

सगळं झाल्यावर एक जुना सीन उघडा, नवीन कॅरेक्टर लोड करून तपासणं पुरेसं नाही. ज्यात खूप वेगवेगळं सामान वापरलंय असा सीन घ्या, कारण तो एकदम बऱ्याच प्रॉडक्टच्या फायली मागतो. काही सापडलं नाही तर यादी येईल, आणि हेल्प, ट्रबलशूटिंगमधून लॉग उघडला तर पूर्ण पत्ते मिळतील. त्या पत्त्यात ड्राइव्हचं अक्षर आणि जुन्या मशीनवरचं तुमचं युजरनेम दिसलं तर ते तुम्ही स्वतः बनवलेलं टेक्स्चर आहे, डेस्कटॉपवरून किंवा डाउनलोड्समधून थेट लावलेलं. लायब्ररीच्या बाहेरच्या फाइलचा पूर्ण पत्ता सीनमध्ये लिहिला जातो, त्यामुळे तो नवीन मशीनवर लागत नाही. ती चित्रं जुन्या डिस्कवरून शोधून रनटाइमच्या टेक्स्चर्समध्ये स्वतःच्या नावाच्या फोल्डरात ठेवा, सरफेसेस टॅबमधून परत लावा आणि सीन सेव्ह करा, पुढच्या वेळी ते लायब्ररीबरोबरच येईल. तोपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. पहिल्यांदा फिगर लोड व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला तर काळजी नको, मॉर्फ नव्याने वाचले जातायत. प्लगइन मात्र लायब्ररीत नसतात, प्रोग्रॅमच्या फोल्डरात असतात, ते कॉपी न करता इन्स्टॉल मॅनेजरमधूनच परत टाका.